ओढली की बाहेर येणारी डिस्क

३ नोव्हेंबर, सोमवार
कॉम्प्युटर बसला. बटण दाबलं की पंखा फिरतो, थांबतो, परत फिरतो. मालकांनी पत्रा उघडून बघितलं. म्हणले मदरबोर्ड गेला, डिस्क शाबूत हाय. (मालक म्हणजे माझे मिस्टर, इथून पुढं नुसतं मा. लिहिणार. सारखं सारखं कोण लिहितं.)
एम्ब्रॉयडरीचं मशीन चांगलं हाय, पण मशीन म्हणजे नुसता हात. डोकं कॉम्प्युटरमधी. अकरा वर्षात बनवलेलं एकूणएक डिझाइन त्या डिस्कवर. मोर, पोपटजोडी, हिमरूच्या शालीवरून उतरवलेली वेल. पेनड्राइव्हवर पंधरा असतील, त्या नुसत्या शिवायच्या फाइली. लहान-मोठ्या करायला गेलं की टाके विस्कटतात. मूळ सगळं डिस्कवर.
लग्नसराई तोंडावर. आठ ब्लाऊज टांगलेत.
मापाच्या वहीत मागच्या पानाकडून लिहितेय. पुढची पानं मा. रोज चाळतात. मागून कोण बघतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
मा. म्हणतात जोडलेला तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाय. सामान आणायचं, घरी जोडायचा. "बावीस वर्षं कंपनीत मेंटेनन्स केलं. लाइनी उभ्या केल्या. एक डबा जोडायला काय लागतंय?"
खरं हाय. पण ती लाइन मार्चमधी बंद झाली आन तवापासून हे घरात. पहिल्या महिन्यात नळ झाले, पंखे झाले. दुसऱ्यात कुकरची शिट्टी. मग माझा धंदा. आता फोन हे उचलतात. बाया "वैनी हैत का" म्हणतात आन गप होतात. छातीचं माप काय ह्यांना सांगणार? गेल्या महिन्यात दाराला पाटी लागली, खाली लिवलंय प्रोप्रायटर आन ह्यांचं नाव. मी म्हणले माझं? म्हणले, "एकच हाय ना घर."
बजाजनगरात असल्या पाट्या ढीगभर. आतमधी शिवणारी बाई, बाहेर बाप्याचं नाव.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मा. गिरणीत गेले तेवढ्यात शबानाआपाचा फोन. आपाकडंच मी काम शिकले, सातवी पास बाईला माऊस धरायला तिनंच शिकवलं. शहागंजच्या मागं तिचं वर्कशॉप हाय, आता चार मोठी मशिनं झाली.
म्हणली, "मंगल, माझा डिझाइनवाला दुबईला चालला. तू ये. पन खाली हात नक्को. नुसती आलीस तर कारागीर. तुझी डिझाइनं घेऊन आलीस तर बराबरीची. पाटीवर दोन नावं."
मी म्हणले कधीपर्यंत. म्हणली महिनाभर थांबते. एक डिसेंबरला कोणीतरी बसवायलाच लागंल खुर्चीवर.
पिठाचा डबा घेऊन मा. आले. "कोणाचा होता?" मी म्हणले राँग नंबर.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली. खोटं बोलले नाय असं नाय. पण इतकं पटकन पयल्यांदा.

८ नोव्हेंबर, शनिवार
नईमभाईच्या दुकानात गेलो, पैठण गेटला. लई बोलतो पण माणूस सरळ.
काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक चौडी पट्टीची वायर, पायजम्याच्या नाडीहून रुंद. "ये अब्बा के टाइम की. बस दिखाने को रखी." दुसरी पत्त्याच्या पानाएवढी चपटी डिस्क, तिला दोन वायरी लागतात, एक करंटची, एक कामाची. साटा म्हणतात. तिसरी नुसती बोटाएवढी पट्टी. तिला वायरच नाय. बोर्डात आडवी घालायची, वरून एक बारीक स्क्रू. झालं. "भाभी, ये वाली पाँच गुना भागती."
मा.चे डोळे त्या पट्टीवर. मला माहीत होतं.
मी विचारलं, "यातली पटकन निघणारी कोणती?"
नईमभाई हसला. "निकालना कायकू? लोगां तो लगाने को आते."
तरी दाखवलं त्यानं. साटावाल्यांसाठी एक खण मिळतो. डब्याच्या तोंडाशी बसतो. जुनी डिस्कबी जाते त्यात. ओढली की बाहेर, ढकलली की आत. ड्रॉवरसारखं. मी तीनदा ओढून बघितलं.
"हे पायजे," मी म्हणले.
मा. म्हणले, "घरात कॉम्प्युटर एक. डिस्क काढून कुठं नेणार? पाचोडच्या बाजाराला?"
पाचोड म्हणजे माझं माहेर. नईमभाईबी हसला. मीबी हसले. काय करणार.
बोर्ड घेतला, डबा घेतला. डिस्क कोणती ते घरी ठरवू म्हणले मा. म्हणजे ठरलंच.

९ नोव्हेंबर, रविवार
भांडण झालं. म्हणजे मी भांडले, ते समजावत होते. समजावलं की जास्त राग येतो.
मी म्हणले सुई मिनिटाला जेवढे टाके घालते तेवढेच घालणार. मोराची फाइल केवढी? फोटोहून लहान. डिस्क पाचपट पळून सुईला काय फरक? माझं बरोबर होतं. त्यांनाबी कळलं बरोबर हाय.
"पण वायरी कशाला, मंगल? वायर म्हणजे बिघाड. बावीस वर्षांत शंभर बिघाड काढले असतील, त्यातले निम्मे वायरीचे. घट्ट बसलेली वस्तू कधी दगा देत नाय."
मग पुढचं सांगितलं. सगळी डिझाइनं पट्टीवर उतरवणार, पासवर्ड टाकणार, जुनी डिस्क पुसून दाराच्या कॅमेऱ्याला लावणार. डोक्यात सगळं बसलेलं. माझी अकरा वर्षं पुसून तिच्यावर दारात कोण आलं कोण गेलं ते साठवायचं.
"तुला खण काहून पायजे, एक कारण सांग," म्हणले.
एक कारण. होतं की.
"राहू द्या," मी म्हणले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पट्टी आली. नईमभाईकडची नाय. कोणी जुना कंपनीतला ओळखीचा हाय, त्याच्याकडून स्वस्तात आणली.
हातात घेऊन बघितली. पायातल्या सोनेरी दातांमधी दोन खाचा. नईमभाईनं दाखवली तिला एकच होती. मला खाच दिसतेच. बाही काढताना पुढच्या बाजूला एक कात्रं मारते, मागच्या बाजूला दोन. चुकलं की बाही उलटी बसते, मग बाई हात वर करते तवा कळतं.
म्हणले, "अहो, हिला दोन खाचा हैत."
"बसतीय ना? मग?"
बसली. स्क्रू पिळला. मा.चं तोंड बघण्यासारखं. कैक महिन्यांनी हातात पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन माणूस गाणं गुणगुणत होता. मी चहा ठेवला. वाईट वाटलं उगंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नवा कॉम्प्युटर चालू झाला. चांगला चालतो.
दुपारी मा.नी जुनी डिस्क जोडली, डिझाइनं उतरवायला. घाई. कॉम्प्युटर चालू ठेवूनच वायर खुपसली, चट्ट झालं. मी शेगडीपाशी होते, मलाबी ऐकू आलं.
डिस्क दिसेना. बंद करून चालू केला. दिसेना. वायर बदलली. दिसेना. कानाला लावून ऐकली. फिरते म्हणले, पण दिसत नाय.
वायरी गुंडाळून ठेवल्या. मग म्हणले, "गेली, मंगल. मीच जाळली."
मी काय बोलले ते लिहीत नाय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
स्वैपाक नाय केला. खिचडी त्यांनी टाकली. करपली.
अकरा वर्षं. पोरगी बाळंतपणाला आली तवा नातीला पायावर झोपवून केलेली वेल. आपाकडं रिकाम्या हातानं गेलं तर कारागीर, दिवसाला दोन ब्लाऊज आन मुकादमाची बोलणी. म्हणजे जाणं नाय. म्हणजे इथंच. ह्या दोन खोल्या, ही पाटी.
मरू दे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मा. पीएफच्या ऑफिसात गेले. दोन बस, रांग, चार तास तरी.
नईमभाईला फोन लावला. चार शिव्या द्यायला लावला होता. तुमच्याच बोर्डानं खाल्ली म्हणून.
त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणला, "भाभी, जो पट्टी लगाई उसमें कट कितने?"
"दोन."
"हौ. फिर वो भागने वाली हैच नहीं. वो साटाच है, सिर्फ सूरत नई. आप जो माँग रहे थे वही, बस बाहर नहीं निकलती." हसला. मग म्हणला, "पुरानी डिस्क कौनसे नंबर में लगाई?"
बोर्डावर वायरी खुपसायची चार भोकं. बारीक आकडे लिवलेत. चष्मा लावून बघितलं. चारमधी.
"बस. दो कट वाली उस खाँचे में बैठी के चार नंबर सो जाता. दोनों का रस्ता एकच है. एक नंबर में लगाओ. पर पहले बंद करना भाभी, बंद करके."
एक नंबर आत, पत्र्याला चिकटून हाय. मा.ची बोटं जाड, त्यांचा हात जाणारच नाय तिथं. म्हणून चार नंबर घेतलं असणार. माझी बोटं गेली. जन्मभर सुईत दोरा ओवला.
चालू केला.
होती. सगळी होती. मोर, पोपट, वेल. नातीच्या बारशाच्या झबल्याचं बदक सुदिक. एकेक उघडून बघितलं. रडले थोडं, खोटं कशाला लिहू.
मग बंद केला. वायर एकातून काढली, परत चारमधी खुपसली. डिस्क होती तिथं टेबलावर ठेवली, होती तशी, तिरकी.
काहून असं केलं ते मला अजून नीट नाय कळलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मा.नी डिस्क उचलली, भंगारात घालू का म्हणले. मी म्हणले राहू द्या, माझी हाय. मी ती फडक्यात गुंडाळून मसूर डाळीच्या डब्यात तळाशी घातली. खिचडीला मूग लागतो, मसुरीच्या डब्याला हे हात लावत नाय.
आता माझ्याकडं हाय आन जिवंत हाय हे ह्यांना माहीत नाय. पेनड्राइव्हएवढी बारीक नाय, पण हातभरबी नाय, पिशवीत मावते. उद्या निघाले तरी निघता येतं.
रात्री झाकण दोनदा दाबून बघितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळपासून मा. गायब. फोन घरीच. दुपारी आले ते खांद्याला मोठी पिशवी लावून. ओतली पलंगावर. ब्लाऊज. तेवीस ब्लाऊज. मी काम केलेले.
म्हणले, "गल्लीगल्ली फिरलो. ज्यांनी ज्यांनी तुझ्याकडून करून घेतले त्यांच्याकडून उसने आणले. ह्यावरून परत बनवू. फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर टाकायचा, त्यावर टाके टाकायचे. मी शिकतो. तू सांग."
एकेक उचलून बघितला. माप सांगायला बाया लाजत होत्या ह्या माणसाला. हा दारोदार जाऊन ब्लाऊज मागत फिरला. मागच्या गल्लीतल्या कुलकर्णीबाईंनी तर दार लावून घेतलं म्हणे, नंतर नवऱ्याच्या हातानं बाहेर दिला.
"लोक काय म्हणले?" मी म्हणले.
"हसले. हसू दे."
प्रत्येक ब्लाऊजला चिठ्ठी लावलीय. कोणाचा, कुठल्या घरचा. मेंटेनन्सवाला माणूस.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी सातपासून बसतात. पोपटाला दोन दिवस झाले. चाचणीला जुन्या चादरीवर शिवला. कापड गोळा झालं, चोच वाकडी, पोपट नाय गिधाड. टाक्याची दिशाच चुकली, सगळे एकाच बाजूला ओढलेत.
म्हणले, "अगं, हे तू कसं करत होतीस? मला वाटायचं मशीन करतंय."
मशीन करतंय वाटायचं. अकरा वर्षं.
पण म्हणले तरी. एवढं तरी.
आपाचा फोन आला. ह्यांनीच उचलला. "मॅडम जरा आजारी हैत," म्हणले. ठेवल्यावर मला म्हणले, "शबानाबाई होती. बिचारी विचारत होती डिझाइनं ठीक हैत ना. तिला सांगवलं नाय मला."

२५ नोव्हेंबर, मंगळवार
गिरणीतून आपाला फोन केला. सगळं सांगितलं, डब्यासकट.
आपा म्हणली, "या अल्ला. मंगल, तू चोर हैस का मालकीण?"
"माझीच हैत ना डिझाइनं."
"मग डब्यात काहून?"
फोन ठेवला. पीठ घेऊन आले.
येताना वाटेत नईमभाईलाबी केला. म्हणला, "लाओ इधर, एक घंटे में दूसरी कॉपी बना देता. एक घर में रखो, एक जिधर मर्जी." बघा. एवढं सोपं. एक ह्यांना, एक आपाला. कोणाचं काही जात नाय. चौडी पट्टी घ्या, वायर घ्या, बिनवायरीची घ्या, सगळ्या जातीचं सगळ्या जातीला जोडून देतो तो माणूस.
पण मग मा. विचारणार, दुसरी कशाला? आन त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे, मी बाहेर कामाला जाणार, तुम्ही घरी थांबा. हे वाक्य जोडायला नईमभाईकडं काही नाय.
आधी सांगितलं असतं तर भांडून सांगितलं असतं. तवा हे पाटी लावणारे होते. आता तेवीस ब्लाऊज घेऊन बसलेत. आता कोणाशी भांडू?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मोर जमला. म्हणजे माझ्यासारखा नाय, पण मोर हाय. पिसाऱ्यातले डोळे सगळे एका मापाचे काढले, पट्टीनं मोजल्यासारखे. मोराचे डोळे कडेला बारीक होत जातात, हे सांगायला गेले आन नुसतं छान म्हणले. लई खूश होते. मला हाताला धरून मशीनपाशी नेलं.
शेजारणीला दाखवलं. "आमच्या मंगलचं डिझाइन हाय, मी फक्त परत काढलं," म्हणले. मी ऐकलं.
पाटी खाली घेतलीय. सुताराकडं दिलीय म्हणे, माझं नाव वर घालायला. मला विचारलं नाय. हेबी विचारलं नाय.
डाळीचा डबा उघडला नाय चार दिवस. दोडका, दोडका, वांगी, पिठलं. म्हणले, "मसूर संपली का?" मी म्हणले कीड लागली.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या एक तारीख. सकाळी मेसेज आला आपाचा. अकरापर्यंत वाट बघते. खुर्ची पुसून ठेवलीय. बाकी तुझी मर्जी.
अंघोळ करून आले तर मा. उद्याच्या तयारीत. शर्टाला इस्त्री चाललेली.
म्हणले, "काल त्या कंपनीतल्या ओळखीच्याला भेटलो, पट्टीवाल्याला. तो म्हणला मेलेल्या डिस्कमधलंबी काढून देणारे असतात. नईमभाईला माहीत असंल. उद्या दहाला उघडतो, घेऊन जातो. काही का लागंना, ह्या पट्टीनं आन माझ्या घाईनं तुझं घालवलं, ते काढून आणतो. डिस्क दे."
नईमभाई. ज्याला सगळं माहीत हाय. आन ज्याच्या तोंडात काही राहत नाय.
म्हणले, "कुठं ठेवली, बघते."
"मीबी शोधू लागू का?"
"नको. बसा."
आत आले. कडी लावली नाय, कडी लावली तर विचारतील. ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. डबा काढलाय. एक हात कोपरापर्यंत डाळीत हाय, फडकं बोटाला लागतंय.
सांगता येतं. आत्ता बाहेर जाऊन सांगता येतं, जिवंत हाय, तेरा दिवस झाले मला माहीत हाय. मग ते विचारणार तेरा दिवस काहून. तेवीस दारं फिरले ते.
नाय सांगितलं तर सकाळी नवाची बस. शहागंजला दहाला पोचते.
दिली आन गप बसले तर नईमभाई दहा मिनिटांत बोलणार.
"सापडली का गं?" म्हणतायत.
हात ओढला तसा डबा कलंडला, डाळ सगळी ओट्यावर सांडली आन मधी फडक्यातली डिस्क उघडी.